हजेरीपासून चलानापर्यंत : पाळतीचा इतिहास आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी लोधीखेड्याच्या या शाळेत आम्हांस मराठी शिकविले. त्यांचा एक नियम होता. कोणताही कागद समोर आला की तो आधी पूर्ण वाचावा, त्याचा अर्थ लावावा आणि मगच त्याखाली नाव लिहावे. त्या वयात आम्हांला हा निबंधलेखनाचा नियम वाटे. तो नागरिकत्वाचा नियम आहे, हे समजायला मला सत्तरी ओलांडावी लागली.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भ्रमणध्वनीवर एक संदेश आला. एका मोठ्या शहरातील चौकात माझ्या स्कूटरने सिग्नल तोडला, सबब दंड भरावा, असा त्याचा आशय. त्या दिवशी स्कूटर माझ्या अंगणात उभी होती. नातवाने छायाचित्र मोठे करून दाखविले, तेव्हा गाडी भलतीच निघाली. चिखलाने माखलेल्या पाटीवरील एक आकडा यंत्राने चुकीचा वाचला होता. चौकशीसाठी गेलो, तर तेथील कर्मचारी आदराने म्हणाले, "सर, पाचशे रुपये भरून टाका, सुटाल." सल्ला सद्भावनेचाच होता. परंतु न केलेल्या अपराधाची कबुली पाचशे रुपयांत स्वस्त मानावी काय, हा प्रश्न मला घरी येईपर्यंत छळत राहिला. मी लेखी हरकत घेतली आणि दोन महिन्यांनी चलान रद्द झाले. या क्षुल्लक प्रसंगाने मला एका मोठ्या इतिहासाकडे नेले. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

भाषेचा विद्यार्थी म्हणून आरंभ शब्दापासून करतो. फारसी 'निगाह' म्हणजे नजर. तिच्यापासून मराठीत 'निगा' आली आणि तिला मायेचा अर्थ लाभला. आपण लेकराची, रोपट्याची, म्हाताऱ्या माणसाची निगा राखतो. त्याच कुळातील 'निगरानी' हा शब्द आपल्या मध्य प्रदेशच्या पोलीस ठाण्यांत मात्र भयाचा आहे. ज्याच्यावर पोलिसांची कायम पाळत असते, त्याची तेथील संज्ञा 'निगरानी बदमाश'. एकाच नजरेचे हे दोन अर्थ आहेत. राज्यसंस्थेची नजर कोणत्या अर्थाने आपल्यावर पडते, हा या विषयाचा गाभा होय.

या देशात पाळतीची पद्धतशीर यंत्रणा इंग्रजांनी उभारली. १८६१ च्या पोलीस कायद्याने दल बांधले गेले आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने एक विलक्षण तत्त्व आणले : माणूस कृतीने नव्हे, तर जन्मानेही गुन्हेगार ठरू शकतो. आरंभी हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानास लागू करता येऊ लागला. नोंदवहीत नाव, अंगठ्याबोटांचे ठसे, ठरावीक वेळी पोलिसांपुढे हजेरी, गाव सोडताना परवानगी, अशी ती व्यवस्था. सोलापूरला तर काटेरी तारेच्या कुंपणात वसाहतच होती. बोटांच्या ठशांचे शास्त्रही याच भूमीवर वाढले. १८९७ साली कलकत्त्यास ठसे-कार्यालय निघाले आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी ठशांच्या वर्गीकरणाची घडी बसविली. जगभर नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे झाले.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. ज्यांच्या कपाळी तो शिक्का होता, ते 'विमुक्त' म्हणविले जाऊ लागले. पण कायदा रद्द झाला म्हणून वही मिटत नाही. आमच्या वर्गात अशाच एका कुटुंबातील मुलगा होता. अक्षर मोत्यासारखे. आसपास कोठे चोरी झाली की तो दोन-तीन दिवस शाळेत दिसत नसे, कारण त्याच्या वडिलांना ठाण्यात बसवून ठेवलेले असे. एकदा गुरुजी स्वतः ठाण्यात गेले आणि त्यांनी एकच विचारले, "याच्याविरुद्ध लिहिलेले काय आहे, ते मला वाचू द्या." लिहिलेले काहीच नव्हते. वडील संध्याकाळी घरी आले. तो मुलगा मात्र सातवीनंतर शाळेत राहिला नाही. आज हे सांगतानाही मला त्याच्या रिकाम्या जागेची आठवण येते.

गुरुजींनी ठाण्यात विचारलेला प्रश्न पुढे देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही विचारला गेला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांच्या खटल्यात १८ डिसेंबर १९६२ रोजी न्यायालयाने रात्रीच्या घरभेटींची तरतूद रद्द केली, पण पाळतीचे इतर प्रकार कायम ठेवले. दुसरा खटला आपल्याच राज्याचा. 'गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' या प्रकरणात राज्याच्या पोलीस विनियमांतील ८५५ व ८५६ या कलमांना आव्हान होते. १८ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी निकाल दिला. कलमे टिकली, परंतु न्यायालयाने त्यांना आवर घातला. गुन्हेगारीचेच जीवन जगत असल्याचा स्पष्ट आधार असेल त्याच्यावरच पाळत ठेवावी. समाजाच्या सुरक्षिततेस उघड धोका असेल तेव्हाच घरभेटी द्याव्यात, नेमाचे काम म्हणून नव्हे. जुने विनियम घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, हेही न्यायालयाने बजावले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

आता रस्त्याकडे वळू. नागपूर-छिंदवाडा रस्त्याने जाणाऱ्यास पूर्वी नाक्यावर शिपाई थांबवीत असे. त्या थांबविण्यात अरेरावी असे, क्वचित चिरीमिरीही असे; पण समोर माणूस असे आणि त्याच्याशी बोलता येई. आज खांबावरचा कॅमेरा थांबवीत नाही, विचारीत नाही. तो गाडीची पाटी वाचतो आणि चलान धाडतो. त्याचे गुण मी नाकारीत नाही. तो जात पाहत नाही, हात पसरीत नाही, आणि बेफाम वाहनाखाली सापडणाऱ्यांचे प्राण त्याच्या धाकाने वाचत असतील, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. प्रश्न यंत्राचा नाही. यंत्राने केलेल्या आरोपाला उत्तर कोठे द्यायचे, याचा आहे.

कायद्याने याची सोय ठेवली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या २०८ व्या कलमान्वये किरकोळ अपराधात न्यायालयात न जाता, रक्कम पाठवून अपराध कबूल करता येतो. पण हा पर्याय आहे, सक्ती नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीने रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार दिला, आणि २०२१ साली केलेल्या नियमांनी तिला बंधनेही घातली : यंत्रास प्रमाणपत्र हवे, देखरेखीच्या रस्त्यावर सूचनाफलक हवा, चलानासोबत छायाचित्र, स्थळ, दिनांक व वेळ हवी, आणि नोटीस पंधरा दिवसांत पाठविली जावी. सीमेपलीकडे, आपल्या शेजारच्या काटोल येथे ३१ ऑक्टोबर २०२० रोजी वाहतुकीच्या खटल्यांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. त्याने घरबसल्या दंड भरणे सोपे केले, ही सोय खरीच. मात्र जे सोपे असते तेच माणूस करतो. कबुली एका बोटाच्या स्पर्शात होते. हरकतीसाठी कारण मांडावे लागते, पुरावा शोधावा लागतो, वेळ मोडावा लागतो. सोयीचा उतार कबुलीकडे झुकलेला असला, की न्याय हळूहळू वसुलीत रूपांतरित होतो.

आपल्या सीमाभागात यात भाषेची अडचण मिसळते. १९५० च्या कायद्याने जुन्या मध्य प्रदेशात हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो, आणि कचेरीची भाषा हिंदी झाली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी सौंसर-पांढुर्ण्याचा शेतकरी आजही घरी मराठी बोलतो आणि सरकारी कागद शेजाऱ्याकडून वाचून घेतो. आरोपच ज्याला नीट वाचता येत नाही, त्याच्या हरकतीच्या हक्काला काय अर्थ उरतो?

आणखी एक गोष्ट चिंतेची आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने ठशांबरोबर डोळ्यांतील बुबुळांचीही नोंद घेता येते आणि ती पंच्याहत्तर वर्षे ठेवता येते. कॅमेरा जात पाहत नाही हे खरे. पण त्याच्या मागे ज्या नोंदी असतील, त्या जुन्या वह्यांतून उतरल्या असतील, तर नवी नजरही जुनाच संशय बाळगील. माझ्या वर्गमित्राच्या वडिलांनी जे सोसले, ते सोसताना उरलेला गाव शांत झोपला होता. पाळत दुसऱ्यावर आहे, असे आम्ही मानत होतो. आज ती प्रत्येक वाहनावर आहे. म्हणून विमुक्तांचा इतिहास हा आता आपला सर्वांचा पूर्वेतिहास झाला आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेक जण वकील, शिक्षक, कर्मचारी आहात. महिन्यातून एक सकाळ या शाळेच्या ओसरीवर बसा. ज्याला नोटीस, समन्स वा चलान आले असेल, त्याला ते मराठीत वाचून दाखवा. त्याचा अपराध असेल तर दंड भरायला सांगा. नसेल तर हरकत लिहून द्या. लिहिलेले काय आहे ते वाचू द्या, असे गुरुजी ठाण्यात जाऊन म्हणाले होते. तेच वाक्य इतरांसाठी उच्चारणे, हे त्यांचे खरे स्मारक ठरेल.