बरगडी, चढ आणि किनारा

स्पेनच्या दक्षिणेला हाएन नावाचा प्रांत आहे. डोंगर असो की सपाटी, नजर जाईल तिकडे ऑलिव्हच्या झाडांच्या आखीव रांगा. साऱ्या प्रांतात मिळून 6 कोटींहून जास्त झाडे आहेत. या झाडाला तिथले लोक 'ओलिवो' म्हणतात. त्याच्या फळाला मात्र 'असेइतूना' आणि फळाच्या तेलाला 'असेइते'. आपल्याकडे झाडही आंबा, फळही आंबा आणि रसही आंब्याचाच. तिथे झाड एका घराण्यातले, तर फळ आणि तेल दुसऱ्याच.

झाड लॅटिन आहे, फळ अरबी. रोमनांच्या 'ओलिवा'पासून 'ओलिवो' आला. अरबीत तेलाला 'झैत' आणि फळाला 'झैतून'. आधी 'अल' हे उपपद लागले की त्यातला 'ल' पुढच्या 'झ'मध्ये विरतो आणि 'अझ्झैत', 'अझ्झैतून' असा उच्चार होतो. स्पॅनिश माणसाने शब्द घेतले ते या शेपटासकट, म्हणजे खरे तर शिंगासकट. हाच 'झैतून' फारसीतून उर्दू-हिंदीत 'जैतून' होऊन आला. मराठी बायबलमधल्या जैतुनांच्या डोंगरामुळे तो आपल्यालाही परका नाही.

यावरून अरबांनीच ऑलिव्ह स्पेनमध्ये नेले, असा समज करून घेऊ नये. रोम शहरात मोंते तेस्ताच्यो नावाची एक टेकडी आहे, ती सगळीच्या सगळी फुटक्या रांजणांच्या खापरांची. त्यातले बहुतेक रांजण दक्षिण स्पेनमधल्या ग्वादालकिवीर नदीच्या खोऱ्यातून तेल भरून गेलेले. झाड आधीपासून होतेच, म्हणून त्याचे नाव टिकले. सन 711 नंतर बाजार आणि घाणा अरबी बोलू लागले, तशी विकाऊ मालाची नावे बदलली, असे मला वाटते. तेलाच्या घाण्याला तिथे आजही 'अल्मासारा' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ पिळण्याची जागा. लॅटिन तेल 'ओलेओ' या रूपात उरले ते चर्चमधल्या पवित्र तेलापुरते आणि चित्रकाराच्या तैलरंगापुरते. तर्क छान जमत होता. पण रानटी ऑलिव्हला 'असेबुचे' म्हणतात आणि हे झाडाचेच नाव असूनही आले आहे अरबांच्या बोलीतून. रानातली झाडे नियम पाळत नाहीत.

या झाडांमधून सायकलने जायचे तर हाएनहून पुएंते हेनिलपर्यंत 128 किलोमीटरची एक वाट आहे. पूर्वी इथून रेल्वे जात असे आणि ती तेल वाहून नेई, म्हणून लोक तिला तेलाचीच गाडी म्हणत. 1980 च्या दशकात ती बंद पडली, पुढे रूळ उखडले. बोगदे आणि लोखंडी पूल तेवढे राहिले. 1993 पासून स्पेनमध्ये अशा मेलेल्या रेल्वेमार्गांच्या सायकलवाटा करायचे काम सुरू झाले. ही वाट त्यांतलीच. तिचे नाव 'विआ वेर्दे देल असेइते', तेलाची हिरवी वाट. आगगाडीला मोठा चढ झेपत नाही, त्यामुळे वाट हळूहळू चढते, हळूहळू उतरते आणि मोटारींचा तर प्रश्नच येत नाही.

न्याहारीला पावावर ओततात ते असेइते आणि सायकलच्या साखळीला घालतात तेही असेइतेच. आपण मात्र इथे भेद करतो. भाजीला तेल आणि साखळीला ऑइल. गंमत अशी की 'ऑइल' हा शब्द लॅटिन 'ओलेउम'मधून आला आणि तो ग्रीकांच्या ऑलिव्हवरून. म्हणजे ज्याने आयुष्यात ऑलिव्ह पाहिलेले नाही, असा आपल्या पेठेतला सायकलवालाही दिवसभर ऑलिव्हचेच नाव घेत असतो. पेट्रोलमधला 'ओल'सुद्धा तोच: 'पेत्रा' म्हणजे खडक, खडकातले तेल ते पेट्रोलियम. सायकलवाल्यांनी पेट्रोल पंपावरून जाताना गालात हसावे, अशी ही गोष्ट आहे.

आपणही वेगळे काही केलेले नाही. तिळाचे ते 'तैल', त्याचे झाले तेल, आणि मग कशाचेही तेल. एरंडाचे एरंडेल आणि खोबऱ्याचे खोबरेल यांच्या शेवटी तीळच बसलेला आहे. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हने जे केले ते आपल्याकडे तिळाने केले. 'तिळाचे तेल' म्हणताना आपण तीळ दोनदा उच्चारतो आणि 'असेइते दे ओलिवा' म्हणणारा ऑलिव्ह दोनदा उच्चारतो, एकदा अरबीत आणि एकदा लॅटिनमध्ये.

सायकलच्या अंगावरचे शब्द थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्याच जणांना ठाऊक असतील. ग्रीक 'कुक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' हे सख्खे भाऊ. एकाची झाली सायकल, दुसऱ्याचे झाले चाक. म्हणजे सायकलचे चाक म्हणजे चाकाचे चाक. स्पॅनिशमध्ये चाकाला 'रुएदा' म्हणतात, तो लॅटिन 'रोता'चा मुलगा आणि आपल्या रथाचा नातलग. 'पेडल'चे मराठीत 'पायडल' झाले, तेव्हा शिकलेल्यांनी नाक मुरडले असेल. पण पेडलमध्ये लॅटिन पाऊल आहे आणि लॅटिन पाऊल संस्कृत 'पाद'च्याच कुळातले, ज्याचा आपला पाय झाला. अडाण्याने चुकून लावलेले नाते खरे निघाले. मी तर पायडलच म्हणतो.

खरा मुद्दा पुढे आहे आणि त्यासाठी हाएन सोडून समुद्राकडे जायला हवे. मालागा प्रांताच्या पूर्व भागाला आक्सार्किया म्हणतात. हाही शब्द अरबी, अर्थ 'पूर्वेकडचा'. जौनपूरच्या शर्की सुलतानांच्या नावात तोच धातू आहे. वर पेरियाना गावाच्या आसपास ऑलिव्हचे उतार आहेत. तिथून निवांत रस्ते वळणे घेत वेलेस-मालागाकडे आणि पुढे समुद्राकडे उतरतात. खाली किनाऱ्याजवळ आव्होकाडोच्या आणि चक्क आंब्याच्या बागा लागतात. स्पॅनिशमध्ये आंब्याला 'मांगो' म्हणतात. मलयाळममधला शब्द पोर्तुगिजांच्या गलबतातून युरोपात गेला तो हा.

या रस्त्यावर सायकलवाल्याला दोनच गोष्टी महत्त्वाच्या, चढ-उतार आणि किनारा. चढणीला किंवा उताराला स्पॅनिशमध्ये 'कुएस्ता' म्हणतात, किनाऱ्याला 'कोस्ता'. दोन्ही एकाच लॅटिन शब्दाची लेकरे: 'कोस्ता', म्हणजे बरगडी. बरगडीवरून कूस, कुशीवरून बाजू, मग डोंगराची बाजू तो चढ आणि समुद्राची बाजू तो किनारा. शरीर पुरते सुटलेलेही नाही. पाठीवर ओझे वाहून नेण्याला स्पॅनिश माणूस 'आ कुएस्तास' म्हणतो. नाताळात खर्च करून झाल्यावर जो ओढगस्तीचा जानेवारी येतो, त्याला तिथे 'जानेवारीचा चढ' म्हणतात, त्यातही हीच कुएस्ता. फ्रेंचमध्ये तर बरगडी, उतार आणि किनारा या तिन्हींना आजही एकच शब्द आहे, 'कोत'. त्याचे लहानसे रूप 'कोतलेत', म्हणजे बरगडीचा तुकडा. तेच इंग्रजीतून आपल्याकडे कटलेट होऊन आले आणि बटाट्याचे झाले. बरगडी गेली, नाव राहिले. इंग्रजीत पायडल न मारता उतारावरून सायकल सोडून देण्याला 'कोस्टिंग' म्हणतात, तोही उताराच्या अर्थाचा जुना 'कोस्ट'च.

हे सगळे परक्यांचे म्हणून सोडून द्यावे, तर संस्कृतातला 'तट' आडवा येतो. तट म्हणजे उतार, तट म्हणजे काठ आणि शरीराचा उतरता भागही तटच. गिरितट, नदीतट, कटितट असे तिन्ही समास कवींनी वापरलेले आहेत. लॅटिनशी या शब्दाचे काहीही नाते नाही, तरी चाल तीच. मराठीत त्यातला काठ उरला आणि किल्ल्याची भिंत नवी आली. अरबीतही बरगडीला 'झिलअ' म्हणतात. तिचा अर्थ आधी बाजू झाला, मग भाग, मग मुलखाचा भाग. तोच शब्द फारसीच्या वाटेने येऊन आपला जिल्हा झाला. आपल्या प्रत्येकाच्या पत्त्यात एक बरगडी आहे आणि जिल्हाधिकारी हा तिचा अधिकारी.

आणि एवढे फिरल्यावर लक्षात येते की कुएस्ता नि कोस्ताची जोडी मराठीने एका शब्दातच बसवली आहे: घाट. नदीच्या पाण्याशी उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट आणि सह्याद्रीतून कोकणात उतरणारा रस्ताही घाटच. संस्कृत 'घट्ट' म्हणजे पाण्याकाठची उतरण्याची जागा. डोंगरातून उतरणे हा पुढचा अर्थ. इंग्रजांनी हा शब्द अख्ख्या डोंगररांगेलाच लावला आणि वेस्टर्न घाट्स म्हणून जगभर नेला. कोकणातून वर पाहणाऱ्याला घाटावरचा माणूस तो घाटी. मुंबईत हा शब्द शिवीसारखा फेकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की काशीचा घाटही तोच.