दप्तरातले शब्द आणि गोठ्यातले शब्द

‘जिरायत’ या शब्दाचा अर्थ विचारला, तर गावाकडे हमखास एक उत्तर मिळते: पावसाचे पाणी जिथे जिरते ती जिरायत. उत्तर सुरेख आहे, पण व्युत्पत्ती चुकीची. हा शब्द अरबी ‘ज़िराअत’वरून, फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ नुसता ‘शेती’. ‘बाग’ या फारसी शब्दावरून आलेली ‘बागायत’ शेजारी येऊन बसली आणि जिरायतीच्या वाट्याला कोरडवाहू जमीन उरली.

खरीप आणि रब्बी हेही अरबी शब्द: पहिल्याचा अर्थ शरद, दुसऱ्याचा वसंत. मग पावसाळ्यात पेरलेले पीक ‘शरदाचे’ कसे? कारण ही नावे पेरणीवरून नव्हे, कापणीवरून पडली. सरकारचा डोळा खळ्यावर असतो. वसूल तिथेच हाती लागतो.

‘तगाई’ची कथा तर जिरायतीचीच बहीण. अरबी ‘तक़ावी’, म्हणजे बळ देणे. बी-बियाणे, बैल, विहीर यांसाठी सरकारने दिलेली उचल. इंग्रजांनी १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तिला नियमांत बसवले. मराठी कानाने मात्र तिचे नाते थेट ‘तगणे’ या क्रियापदाशी जोडले. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

आता गोठ्यात या. कालवड, खोंड, गोऱ्हा, वासरू, रेडकू, पारडी, वगार. गाभण, दुभती, भाकड. दात न पालटलेला बैल आदत, दोन दात आलेला दुस्सा, चार आलेला चौसा. इथे दरबारी भाषेचा मागमूस जवळपास नाही. (‘जनावर’ मात्र अस्सल फारसी! सगळ्यांना मिळून एक नाव द्यायची गरज बहुधा मोजणाऱ्यालाच पडते.)

माझ्या मते हा फरक योगायोगाचा नाही. जमीन दप्तरात लिहिली जाई आणि दक्षिणेतील सुलतानांच्या दरबारी दप्तरावर फारसीची छाप होती. कालवड कधी माजावर येते, हे दप्तराला कळण्याचे कारण नव्हते. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, तरी जिरायत, खरीप, रब्बी शेतकऱ्याच्या तोंडून गेले नाहीत. तोवर ते त्याचेच झाले होते.

आणि दप्तराची ही सत्ता अजून सरलेली नाही. महाराष्ट्राच्या कमाल जमीनधारणा कायद्यात बारमाही पाण्याच्या जमिनीला मर्यादा १८ एकरांची, कोरडवाहूला ५४ एकरांची. अतिवृष्टीच्या भरपाईचे दरही जिरायतीला निराळे, बागायतीला निराळे. म्हणूनच सातबारा हाती आला की शेतकरी आधी तो रकाना पाहतो.