आजीची कडीची बादली



माझं माहेर सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागात. मागच्या महिन्यात मुलांना घेऊन गेले होते, तेव्हा तालुक्याच्या गावचं छोटंसं संग्रहालय पाहिलं. दोनच खोल्या. जाती, कुलपं, जुनी मापं. एका कपाटात तांब्याची एक लहान बादली. खाली चिठ्ठी : 'पाणी शेंदण्याची बादली', आणि देणगीदार म्हणून माझ्या आजोबांचं नाव.

मी तिथंच थबकले. ही बादली पाणी शेंदायची नव्हतीच. ती पाणी परत द्यायची होती.

तुमच्यापैकी थोरल्या बायकांनी ओळखली असेल. बादलीला बुडाशी एक कडी असते. दोर त्या कडीला बांधायचा आणि वरच्या दांड्यात नुसता आकडा अडकवायचा. दुहेरी जाड गाळण्यातून पाणी गाळलं की गाळण्यावर राहिलेले जीव गाळलेल्याच पाण्यानं हलकेच या बादलीत उतरवायचे. हीच जिवाणी. बादली सरळ आत सोडायची. पाण्याला टेकली की दोर सैल पडतो, आकडा सुटतो. मग दोर ओढला की बादली उलटते आणि जीव वरून न आदळता पाण्यात जातात. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. गाळलेलं पाणी चालतं एक मुहूर्त, म्हणजे 48 मिनिटं. म्हणून आजीची ही खेप दिवसातून कितीदा तरी व्हायची. बादली तिला लग्नात तिच्या आईनं दिलेली.

मग 1972 चा दुष्काळ आला. 1973 च्या उन्हाळ्यात आमच्या विहिरीचा तळ उघडा पडला आणि गावात टँकर येऊ लागला. माणसांनाच पाणी पुरेना, तिथं जिवाणीचं काय? घरातले म्हणाले, "आता राहू दे." पण आजी ऐकेना. टँकर भरायचा दूरच्या विहिरीवरून. आजीनं जिवाणी एका तांब्यात घेतली, वर फडकं बांधलं आणि बादली-दोरासकट टँकरच्या ड्रायव्हरपुढे धरली. तो हसला म्हणे. "आक्का, ह्यास्नी बी घरी पोचवायचं व्हय?" पण नेलं त्यानं. पाऊस पडेपर्यंत रोज नेलं आणि बादली रोज परत आणून दिली. तो आपल्या धर्माचा नव्हता. आजी म्हणायची, "माझा नेम त्यानं पाळला."

पुढे दारात बोअर आली. बोअरमध्ये जिवाणी सोडणार कशी? बादली खुंटीला लागली. मुनिमहाराजांच्या आहारासाठी विहिरीचं पाणी आणायचं तेव्हाच ती खाली उतरायची. संग्रहालयासाठी जुन्या वस्तू गोळा झाल्या तेव्हा काकांनी ती देऊन टाकली. आजीला कुणी विचारलं नाही. तिची नजर गेली होती तेव्हा. भिंत चाचपून ती म्हणाली, "विहिरीवर राहिली काय गं?" मी तेव्हा कॉलेजात होते. मला हसू आलं होतं. ते हसू आज टोचतं.

संग्रहालयाच्या सरांना मी कडी दाखवली, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं, कडी टांगायची आहे." त्यांनी नवी चिठ्ठी लिहायला मलाच कागद दिला. मी लिहिलं : 'जिवाणी परत सोडण्याची बादली'. आणि आजोबांच्या नावाआधी आजीचं नाव.

माझ्या फ्लॅटमध्ये नळ आहे, फिल्टर आहे. जिवाणी सोडायला विहीर नाही. पण नळाला गाळणं बांधते, आणि पाणी लागेल तेवढंच घेते. धाकटीनं परवा विचारलं, "मग यातले जीव कुठं जातात?" मला उत्तर देता आलं नाही. पण तिला प्रश्न पडला, एवढं आजीला पुष्कळ झालं असतं.

तुमच्या माळ्यावर अशी बुडाला कडी असलेली बादली असेल, तर मोडीत देऊ नका. आणि घरात थोरली बाई असेल, तर आधी तिला विचारा.