लोहगड एका दिवसात कसा पाहावा

आपल्या समाजातील तरुण मंडळी अलीकडे सुट्टीच्या दिवशी गडकिल्ले पाहावयास जाऊ लागली आहेत, ही संतोषाची गोष्ट होय. परंतु पुष्कळांची सहल अशी होते की, लोणावळ्याहून मोटारीने थेट लोहगडवाडीस उतरावे, धापा टाकीत पायऱ्या चढाव्या, विंचूकड्यावर वारा खावा, छायाचित्रे घ्यावी आणि दोन प्रहरी परत फिरावे. अशाने गड चढून होतो. पाहून होत नाही. विद्यार्थ्यांना घेऊन या डोंगरावर आम्ही अनेक वेळा गेलो आहो, आणि लोहगडास एकच दिवस देता येत असेल तर आरंभ गडापासून न करता पायथ्याच्या भाजे गावापासून करावा, असे आमचे मत झाले आहे.

याचे कारण इतिहासातच आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाटाने देशावर चढे आणि मावळातून पुढे जाई. या वाटेच्या आसपास भाजे, कार्ले व बेडसे येथील लेणी खोदली गेली. ज्याच्या हाती हा डोंगर, त्याच्या नजरेखाली ही सारी वाट. वाट आधी, लेणी मागाहून, आणि तटबुरूज त्याच्याही पुष्कळ मागाहून. आपली पावलेही त्याच क्रमाने पडावी.

पुण्याच्या मंडळींनी सकाळच्या लोकलने मळवली स्टेशनावर उतरावे. मुंबईकरांनी लोणावळ्यास गाडी बदलावी. परतीच्या गाडीची वेळ तेव्हाच टिपून घ्यावी. भाज्याची बावीस लेणी मळवलीहून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात झाला. चैत्यगृहाच्या छतास लावलेल्या लाकडी कमानी दोन हजार वर्षे टिकून आहेत, हे मुलांना आवर्जून दाखवावे. ज्या वडीलधाऱ्यांस पुढची चढण झेपणार नाही, त्यांनी येथेच सावलीस बसावे. त्यांचा दिवस वाया जाणार नाही.

भाज्यातून वर निघाले की गायमुख खिंड लागते. डाव्या हातास विसापूर, उजव्या हातास लोहगड. येथे अर्धा तास थांबावेच. विसापूर हा दोहोंत उंच. त्याच्या माथ्यावर शत्रूच्या तोफा चढल्या तर लोहगडास तोंड वर काढता येणार नाही, हे खिंडीत उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलासही सांगावे लागत नाही. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या काळात विसापूरची तटबंदी उभी राहिली, ती उगीच नव्हे. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दोन्ही गड मोगलांकडे गेले, आणि १६७० मध्ये महाराजांनी लोहगड परत घेतला. पुढे १८१८ च्या मार्च महिन्यात इंग्रजांची फौज कर्नल प्रॉथरच्या हाताखाली येथे आली. तिने आधी विसापूर घेतला. तो गेल्याचे कळताच लोहगडाची शिबंदी गड सोडून निघून गेली. चार दरवाजांचा हा बळकट गड लढाईवाचून पडला! तेव्हा लोहगड स्वतंत्र किल्ला मानून पाहणे म्हणजे जोडओळीतील एकच चरण वाचण्यासारखे आहे.

लोहगडवाडीत पोहोचल्यावर आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. येथील कड्यातील एका लेण्यात ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख २०१९ मध्ये प्रकाशात आला. तो अर्हतांच्या वंदनाने सुरू होतो, म्हणजे जैन आहे, आणि इदरखित नावाच्या गृहस्थाच्या दानाची त्यात नोंद आहे. म्हणजे खाली बौद्ध भिक्षू आणि वर जैन मुनी, असा हा डोंगर शिवकालाच्या कितीतरी आधी नांदता होता.

आता दरवाजे. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे ते खालून वर येतात. मंडळी येथे पळत सुटतात, तेथेच सावकाश चालावे. वाट नागमोडी आहे. शत्रूला धावत येऊन दरवाजास धडक देण्यास सरळ अंतर मिळत नाही, आणि प्रत्येक वळणावर त्याची बाजू वरच्या तटाच्या माऱ्यात सापडते. महादरवाजातून खाली वळून पाहिले म्हणजे ही सारी रचना नकाशासारखी दिसते. नवल हे की, ज्यांनी एवढा विचार करून दगड बसविले त्यांच्या भिंतींवर आमचीच मुले खिळ्याने नावे कोरतात. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ज्या बारा दुर्गांस जागतिक वारशात घेतले त्यांत लोहगड आहे. निदान आता तरी हा प्रकार थांबावा.

गडावर नाना फडणविसांची आठवण पावलोपावली येते. हा किल्ला त्यांच्या खास विश्वासातला. त्यांनी येथे पुष्कळ बांधकाम केले. माथ्यावरील बहुकोनी तळे त्यांचेच. १८०० मध्ये नाना वारल्यावर त्यांच्या पत्नी जिऊबाई काही काळ याच गडाच्या आश्रयास होत्या. त्याआधी १७१३ मध्ये कान्होजी आंग्रे यांनी गड घेऊन शाहूमहाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केले, आणि त्या प्रसंगातूनच बाळाजी विश्वनाथांकडे पेशवाई आली. एवढे राजकारण या चिंचोळ्या माथ्याने पाहिले आहे.

विंचूकडा शेवटी ठेवावा. उतरण्यास दीड तास हाताशी राहत असेल तरच त्या टोकापर्यंत जावे. पावसाळ्यात धुके असल्यास मुळीच जाऊ नये, कारण दोन्ही बाजूंस कडा आहे. पाणी खालूनच भरून न्यावे. त्याच दिवशी विसापूरही उरकण्याचा हट्ट काहीजण धरतात, तो आम्हांस मान्य नाही. तेथील लांबच लांब तट, पाण्याची टाकी आणि लेणी पाहावयास स्वतंत्र दिवस हवा.