एकसष्टची वर्गप्रकृती

ज्या संख्येच्या वर्गाला ६१ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच हाती येतो, अशी संख्या कोणती, हा प्रश्न भास्कराचार्यांनी बाराव्या शतकाच्या मध्यास आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात घातला. भारतीय गणितात या प्रकाराला वर्गप्रकृती म्हणतात. त्यातील गुणक ही प्रकृती, मिळवायचा अंक हा क्षेप, शोधायची संख्या हे कनिष्ठ मूळ आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ हे ज्येष्ठ मूळ होय. प्रकृती ६० असता ४ आणि ३१, ६२ असता ८ आणि ६३ अशी मुळे सहज सापडतात. मात्र या दोहोंच्या मधल्या ६१चे सर्वांत लहान कनिष्ठ मूळ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ मूळ १,७६,६३,१९,०४९ इतके मोठे निघते, त्यामुळे एकेक संख्या घालून पाहणाऱ्याचे आयुष्यही त्यास पुरले नसते.

भास्कराचार्यांनी हे उत्तर चक्रवाल पद्धतीने काढले. चक्राप्रमाणे तीच क्रिया फिरवून क्षेप लहान करत नेणारी ही रीत त्यांच्याही आधी जयदेव या गणितज्ञास ठाऊक होती, आणि दोन उत्तरांच्या गुणाकारातून तिसरे घडवणारी 'भावना' ही क्रिया तर ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच सांगितली होती. ८चा वर्ग ६१हून ३ने अधिक आहे, एवढ्याच आधारावर आरंभ होतो. चक्राच्या एकाच फेऱ्याने ३९ आणि ५ ही मुळे व उणे ४ हा क्षेप मिळतो, आणि पुढे भावनेच्या बळावर २९,७१८ व ३,८०५ येथे क्षेप उणे १ होतो. म्हणजे २९,७१८चा वर्ग ८८,३१,५९,५२४, तर ३,८०५च्या वर्गाची ६१ पट त्याहून नेमकी एकाने अधिक. या लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज हेच ते ज्येष्ठ मूळ. एवढ्या प्रचंड संख्येच्या पोटात इतकी नेटकी रचना असावी, हे या गणिताचे खरे सौंदर्य होय.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याचे तेथील शिलालेख सांगतो, तेव्हा तेराव्या शतकाच्या आरंभी खानदेशातील विद्यार्थ्यांनी हे गणित पाटीवर सोडवले असण्याचा संभव मोठा आहे.

युरोपात हाच प्रश्न १६५७ साली पिएर द फर्मा याने फ्रेनिकल यास घातला आणि त्रास फार होऊ नये म्हणून आपण लहान संख्या निवडल्याचे सांगत त्यानेही ६१च दिली. इंग्लंडमध्ये ब्राउंकर व वॉलिस यांनी अशा प्रश्नांची रीत शोधली. प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध केले. ऑयलरने मात्र गैरसमजाने या समीकरणाला जॉन पेल याचे नाव दिले, आणि १८१७ साली कोलब्रुक यांचे 'बीजगणिता'चे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले तोवर ते नाव पाठ्यग्रंथांत कायमचे रुजले होते.