हस्तनिर्मित शोभेच्या वस्तूंचे सीमाशुल्क-वर्गीकरण : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

आयात वस्तूवर सीमाशुल्क आकारण्यापूर्वी ती वस्तू नेमकी कोणती, हे ठरवावे लागते. हस्तनिर्मित शोभेच्या वस्तूंबाबत हा प्रश्न विशेष अवघड ठरला आहे. शुल्कसूचीला वस्तूचे द्रव्य कळते, उपयोगही कळतो. ती घडविणारा हात मात्र क्वचितच कळतो.

१८९० च्या अमेरिकन शुल्क कायद्यात रंगविलेल्या काचेच्या खिडक्यांवर शेकडा ४५ शुल्क होते. संतांच्या आकृती असलेल्या, निष्णात कलावंतांनी रंगविलेल्या अशा काही खिडक्यांसाठी आयातदाराने चित्रे म्हणून करमाफी मागितली. १८९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. न्या. ब्राउन यांनी या निकालात कलावस्तूंचे चार वर्ग सांगितले : निव्वळ ललित कला, पुतळ्या, फुलदाण्या यांसारख्या शोभेच्या लहान वस्तू, मुख्यतः शोभेच्या पण ओघाने उपयोगी वस्तू, आणि मुख्यतः उपयोगी पण सजविलेल्या वस्तू. खिडक्या तिसऱ्या वर्गात गेल्या. कारागिराचे कौशल्य कोणीही नाकारले नव्हते. त्याने वर्ग मात्र बदलला नाही.

१९२६ मध्ये ब्रांकुशी यांचे 'बर्ड इन स्पेस' हे ब्राँझचे शिल्प न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्यावर धातूची वस्तू म्हणून शेकडा ४० शुल्क लावले. शिल्प म्हणजे निसर्गातील रूपांची, विशेषतः मानवाकृतीची प्रतिकृती, अशी व्याख्या १९१६ च्या एका निकालाने रूढ केली होती आणि या शिल्पात पक्षी ओळखू येत नव्हता. १९२८ मध्ये न्यायालयाने ते शिल्प कलाकृती म्हणून करमुक्त ठरविले. कलेच्या इतिहासात हा विजय वारंवार गौरविला जातो. परंतु न्यायालयाने ज्या गोष्टींना महत्त्व दिले, त्या व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आणि केवळ शोभेचा हेतू या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या तोच घाट घडविणाऱ्या कारागिराला या निकालाचा लाभ होणे कठीणच होते.

१९८८ मध्ये अमलात आलेल्या सुसंगत वस्तुवर्गीकरण प्रणालीत हा भेद अधिक ठळक झाला. भारताने आपली शुल्कसूची १९८६ मध्येच या प्रणालीशी जुळवून घेतली होती. प्रकरण ९७ मध्ये मूळ शिल्पे येतात. परंतु व्यापारी स्वरूपाची पारंपरिक कारागिरी, ती कलावंताने केलेली असली तरी, त्या शीर्षकातून वगळली आहे. अशी मूर्ती मग द्रव्यानुसार विभागली जाते : लाकडाची ४४२०, चिनी मातीची ६९१३, पितळेची ८३०६ या शीर्षकाखाली. साच्यातून निघालेली आणि हाताने कोरलेली मूर्ती येथे एकाच ओळीत बसते.

युरोपीय समुदायाने काही हस्तनिर्मित वस्तूंसाठी शुल्कमुक्त आयातीचा मर्यादित कोटा ठेवला होता आणि त्याच्या लाभार्थी देशांत भारतही होता. तथापि, वस्तू पाहून हातकाम ठरविण्यावर ही व्यवस्था विसंबून नव्हती. ती हस्तनिर्मित असल्याचे निर्यातदार देशातील मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र मालासोबत जोडावे लागे.