सिंधू आणि बालगंधर्व

पालखीचे भोई देवाला खांद्यावर घेऊन गावातून फिरवितात, म्हणून घरोघरच्या लोकांना देवाचे दर्शन घडते. नटाचे कार्य काहीसे असेच आहे. कवीने निर्माण केलेले पात्र तो आपल्या देहावर आणि वाणीवर वाहून प्रेक्षकांपर्यंत आणतो. परंतु एखाद्या भोयाचीच कीर्ती एवढी वाढावी की लोकांनी पालखीकडे पाठ करून त्याच्याच पाया पडावे, असा प्रसंगही रंगभूमीच्या इतिहासात येतो. अशा वेळी दोष कोणाचा, आणि हानी कोणाची, हे पाहणे बोधप्रद ठरेल.

सिंगापुरात याचे उदाहरण शोधावयास दूर जावे लागत नाही. बालेस्टियर रोडजवळील जालान अंपास येथे शॉ बंधूंचा चित्रपट-कारखाना होता. तेथे १९५६ साली ‘हांग तुआ’ हा रंगीत मलय चित्रपट तयार झाला. दिग्दर्शक होते भारतातून आलेले फणी मजुमदार. मलाक्काच्या सुलतानाचा एकनिष्ठ योद्धा तुआ याची भूमिका पी. रामली यांनी केली आणि संगीतही त्यांनीच दिले. रामली तोवर घराघरांत पोहोचलेले गायक-नट होते. त्यामुळे पुराणकाळच्या त्या वीराला अनेकांच्या मनात रामलींचाच चेहरा मिळाला. या रामलींना १९४८ साली ‘चिंता’ या चित्रपटातून पडद्यावर आणणारे दिग्दर्शक होते बी. एस. राजहंस. ते पंजाबी होते. पण योगायोग असा की, मराठी रंगभूमीवर ज्यांची कीर्ती भूमिकेहून मोठी झाली, त्या नटश्रेष्ठाचे आडनावही राजहंसच होते.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ रोजी झाला. ‘बालगंधर्व’ हे नाव त्यांना लोकमान्य टिळकांनी दिले, असे परंपरा सांगते. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत ते दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेने रसिकांना परिचित झाले. त्या काळी स्त्रियांची कामे पुरुषच करीत. बालगंधर्वांचा स्त्रीवेश इतका डौलदार असे की, त्यांची लुगडी नेसण्याची ढब आणि केशरचना यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियाही करू लागल्या.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली. तरीही प्रयोग रद्द झाला नाही. पित्याचे दुःख पडद्याआड ठेवून ते भामिनीच्या वेशात प्रेक्षकांसमोर उभे राहिले. त्या रात्री नट मागे राहिला आणि भूमिका पुढे गेली.

१९१३ साली गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. या मंडळीने राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास रंगभूमीवर आणले. गडकरी २३ जानेवारीस निवर्तले होते. आपल्या सिंधूला रंगभूमीवर पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. सुधाकर हा बुद्धिमान वकील दारूच्या आहारी जातो, आणि त्याची पत्नी सिंधू दळण दळून संसार रेटते. सुधाकराची भूमिका बोडसांची, सिंधूची बालगंधर्वांची.

त्यांची सिंधू पाहून प्रेक्षक ढसढसा रडत, अशा आठवणी पुष्कळ आहेत. त्यांचे सामर्थ्य नाकारण्याचे कारणच नाही. परंतु पद संपताच ‘वन्स मोअर’चा गजर होई. मग जात्याजवळ बसलेली दरिद्री स्त्री दिसेनाशी होऊन तेथे केवळ अद्वितीय गायक उरे. तेच पद पुन्हा, नव्या ताना घेऊन, आणि रात्र सरत जाई. गाण्यापुढे नाटक मागे पडते, हा आक्षेप संगीत नाटकावर वारंवार घेतला गेला. मात्र त्याचा सारा भार नटावर टाकणे न्याय्य नव्हे. मागणारा प्रेक्षकच होता.

कीर्तीने कधी लोकहितही साधले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झाले. धैर्यधर केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व! त्या दिवशी लोक आले ते दोन नटांना पाहावयास. पण पैसा मिळाला तो देशकार्यास. पुढे त्याच कीर्तीचा पाश नटाच्याच गळ्यात पडला. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. परंतु भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू यांच्या रूपाने मनात ठसलेल्या बालगंधर्वांना पुरुषवेशात पाहणे रसिकांना रुचणे कठीण होते. प्रभातशी त्यांचा संबंध त्या एका चित्रपटावरच संपला. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते कालवश झाले.

मग हानी कोणाची झाली? सिंधूची झाली, आणि सिंधूसारखीचीही. मलायात भारतीय मजुरांचा करार १९१० साली बंद झाला. परंतु रबराच्या मळ्यांवरील ताडीची दुकाने त्यानंतरही दीर्घकाळ चालली. दिवसभर राबून मिळविलेली मजुरी तेथे एका संध्याकाळी संपे. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी अशा घरांत चूल पेटती ठेवली, त्यांना सिंधू परकी नाही. तिची व्यथा केवळ एका पदाच्या वाहवेत विरून गेली, तर नाटकाने दिलेला इशाराही विरून जातो.

उत्सवाच्या रंगमंचावर आजही मुले राम होतात, सीता होतात, शिवाजी होतात. त्या वेळी ‘हा अमक्याचा मुलगा’ म्हणून टाळ्या वाजविणे स्वाभाविक आहे. परंतु घरी परतताना त्या मुलास एवढे अवश्य विचारावे की, सीतेला वनात का जावे लागले? आणि बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकताना, गाणे संपल्यावर क्षणभर थांबून, जात्याजवळ बसलेल्या सिंधूचेही स्मरण करावे.